कचरा उचलणारा येईल, पण फाईल कोण बंद करेल?

परवा आयटी पार्कजवळ तर्री पोहे खाता खाता ऑफिसातला एक ज्युनिअर म्हणाला, "दादा, जावात सगळं आपोआप साफ होते ना, मग माझा प्रोग्राम 'टू मेनी ओपन फाईल्स' म्हणून काऊन बंद पडून राहिला? मेमरी तर अर्धी रिकामी आहे!"

मेमरी रिकामी आहे म्हणूनच. गार्बेज कलेक्टर (जावा या प्रोग्रामिंग भाषेतला, नको झालेल्या गोष्टी मेमरीतून काढणारा भाग; 1959 च्या आसपास जॉन मॅकार्थीने लिस्पसाठी काढलेली कल्पना) मेमरी भरत आली की जागा होतो, फाईली मोजणं त्याचं कामच नाही. लग्नघरी बिछायत केंद्राच्या चिठ्ठ्या पडल्या असतात तसं समजा, चिठ्ठीला घरात जागा किती लागते, म्हणून कोणी आवरत नाही, पण तिकडे केंद्रातल्या खुर्च्या संपल्या. चिठ्ठी म्हणजे ऑब्जेक्ट, प्रोग्रामने मेमरीत बनवलेली छोटी वस्तू, आणि खुर्ची म्हणजे त्याने उघडलेली फाईल. लिनक्सवर एका प्रोग्रामला ठराविकच फाईली एकावेळी उघडता येतात.

जुना उपाय म्हणजे फायनलाइझ, ऑब्जेक्ट मरताना, म्हणजे त्याला कोणी धरून नसलं की, चालणारं फंक्शन. पण त्यात ऑब्जेक्ट स्वतःलाच एखाद्या स्टॅटिक (प्रोग्रामभर टिकणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये ठेवून पुन्हा जिवंत होऊ शकायचा! मग कलेक्टरला परत तपासणी करावी लागे आणि मेमरी तोवर अडकून राही. 2017 च्या जावा 9 पासून ते वापरू नका असं सांगितलं, त्याजागी क्लीनर आला. क्लीनरजवळ ऑब्जेक्टचा फॅन्टम रेफरन्स, म्हणजे नुसती खूण असते, त्यातून ऑब्जेक्ट कधीच परत मिळत नाही, फक्त तो गेल्याची खबर मिळते, आणि मग वेगळं लिहून ठेवलेलं सफाईचं काम चालतं. मला ही रचना फार सुंदर वाटते, मेलेल्याला हात न लावता त्याची देणी फेडायची!

पण त्या सफाईच्या कामाने मूळ ऑब्जेक्टला धरून ठेवलं तर? क्लीनर कामाला धरतो, काम ऑब्जेक्टला, मग तो कधी मरतच नाही. ज्युनिअरच्या कोडात हेच निघालं, लॅम्ब्डात (जागच्या जागी लिहिलेल्या छोट्या फंक्शनमध्ये) ऑब्जेक्टचं फील्ड वापरलं की 'धिस', म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः, गुपचूप आत येतो.

कोणी त्याला सांगितलं होतं दर मिनिटाला 'सिस्टीम डॉट जीसी' टाक, म्हणजे कलेक्टरला हाक मार. हा निव्वळ गंडादोरा आहे, ती नुसती विनंती असते आणि जेव्हीएमला (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेला) ती सरळ दुर्लक्षित करायला लावता येते, शिवाय जे धरून ठेवलंय ते त्यानेही सुटत नाही.

आम्ही सफाईचं काम स्टॅटिक क्लासमध्ये नेलं (तिथे 'धिस' आपोआप येत नाही), त्यात फक्त हँडल, म्हणजे उघड्या फाईलची खूण ठेवली, आणि फाईल उघडतो तिथे 2011 पासून जावात असलेलं ट्राय-विथ-रिसोर्सेस लावलं म्हणजे ब्लॉक संपला की फाईल तिथल्या तिथे बंद, क्लीनर फक्त कोणी विसरलं तर. संध्याकाळी पाहिलं तर उघड्या फाईलींचा आकडा वाढायचा थांबला होता.