पट्ट्यावरचा की धुरावरचा?

उद्यमनगरात बोनेट उघडं दिसलं की चार माणसं जमतातच. त्या दिवशी आमच्या शेडसमोर मित्राची २००५ ची मिनी कूपर एस उभी होती. मिनी आपल्याकडे अधिकृतपणे आली २०१२ मध्ये. ही त्याआधीची, कुणीतरी हौसेनं बाहेरून आणलेली आणि मुंबईत दोन हात बदलून कोल्हापुरात आलेली. मित्रानं रेस दिली तशी गाडी शिवणयंत्र भरधाव पळवल्यासारखी चिरक्या सुरात गायला लागली. शेजारचे लेथवाले काका हात पुसत बाहेर आले. म्हणाले, "टर्बो काय भारी वाजतोय रे!"

"काका, हिला टर्बो न्हाई. सुपरचार्जर हाय."

"मग एकच की ते."

काका तसे फार चुकले नव्हते. जुन्या इंग्रजी पुस्तकांत टर्बोला 'टर्बोसुपरचार्जर' असंच म्हटलेलं सापडतं, म्हणजे तो सुपरचार्जरचाच एक प्रकार. काम दोघांचं एकच, इंजिनात हवा कोंबायची. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. छोट्या इंजिनाला स्वतःच्या ताकदीनं जेवढी हवा ओढता येते तेवढंच त्याला पेट्रोल पचतं. हवा दाबून भरली की त्याच १,६०० सीसीत जास्त पेट्रोल जळतं आणि छोटं इंजिन मोठ्याचं काम करतं. (इंटरनेटवर नुसतं 'सुपरचार्जर' शोधलं तर हल्ली टेस्लाचे चार्जिंगचे खांब दिसतात. त्याचा इथे काही संबंध नाही.)

फरक आहे तो हवा दाबायला लागणारी ताकद कुठून आणायची यात. त्यासाठी गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणा. घाणा फिरतो तो इंजिनाच्या किंवा मोटरीच्या पट्ट्यावर. इंजिन जोरात तर घाणा जोरात, इंजिन बंद तर घाणाही बंद. मध्ये उसनवारी नाही. हा झाला सुपरचार्जर. बाजूला चुलवाण धडधडत असतं, त्याला जळण कसलं? घाण्यातून निघालेली चिपाडं. टाकाऊ तेच पुन्हा कामाला लावायचं. हा झाला टर्बो. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरावर एक चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक हवा दाबतं. धूरही अगदी फुकटात राबत नाही म्हणा. वाटेत चाक बसवलं की इंजिनाला धूर बाहेर ढकलायला थोडा जोर लावावाच लागतो. तरी पट्ट्याच्या मानानं सौदा स्वस्त. म्हणून आज शोरूममधल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवर 'टर्बो' लिहिलेलं दिसतं आणि सुपरचार्जर जवळपास गायब झालाय.

दोघंही तसे म्हातारे. टर्बोचं पेटंट आल्फ्रेड ब्यूची या स्विस इंजिनिअरचं, १९०५ चं. सुपरचार्जर लावलेल्या गाड्या मर्सिडीजनं १९२१ च्या बर्लिनच्या प्रदर्शनातच मांडल्या होत्या.

दोघांची तुलना करायला मिनीइतकं सोयीचं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही, कारण त्याच नावाच्या गाडीनं दोन्ही करून पाहिलं. आधीच्या कूपर एसला ईटन कंपनीचा एम४५ सुपरचार्जर होता. ताकद १६३ पीएस (म्हणजे साधारण तेवढी अश्वशक्ती), २००४ च्या फेरबदलानंतर १७०. पुढच्या पिढीला टर्बो आला आणि आकडा झाला १७५. ताकदीत फारसा फरक नाही. टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, बघा मात्र. सुपरचार्जरवाली २२० न्यूटनमीटर देते मिनिटाला ४,००० फेऱ्यांना आणि टर्बोवाली २४० देते १,६०० फेऱ्यांना.

इथेच आपल्या गॅरेजांमधली एक समजूत अडखळते. 'सुपरचार्जर खालून ओढतो, टर्बो वर गेल्यावर जागा होतो' असं सगळे म्हणतात. जुन्या मोठ्या टर्बोंबद्दल ते खरं होतं. आजचे छोटे टर्बो खालूनच जोर देतात. उशीर आता फेऱ्यांचा नसतो, क्षणाचा असतो. घाटात वळण संपता संपता पाय दाबला की टर्बोला धूर जमवायला एक श्वास लागतो आणि मग तो एकदम लोटतो. सुपरचार्जरवाली पाय दाबताक्षणी निघते, पण जोर मोजूनमापून वाढवत नेते. मला दुसरी जास्त आवडते. वळणात गाडी किती पुढे जाणार हे आपल्या अंगठ्याला कळत असतं. मित्राचं मत उलटं आहे, त्याला ढकलाच हवा असतो. मग मिनी का घेतलीस विचारलं तर म्हणतो, आवाज.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणजे इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के पातळ. पट्ट्यावरचा सुपरचार्जर ठरल्या फेऱ्याच फिरतो, त्यामुळे तेवढं नुकसान गाडी गुमान सोसते. टर्बोचा कॉम्प्युटर चाकाला थोडं जास्त फिरवून बरंचसं भरून काढतो.

आता मॉडिफिकेशन. टर्बो गाडीत पहिली पायरी असते ती कॉम्प्युटरमधला नकाशा, म्हणजे कधी किती दाब आणि पेट्रोल द्यायचं याचा तक्ता, बदलायची. पान्याला हात न लावता, लॅपटॉप जोडून. सुपरचार्जरला मात्र लॅपटॉपनं जास्त पळवता येत नाही, कारण तो पट्ट्याला बांधलेला. त्याची पुली बदलायची. लहान पुली म्हणजे जास्त फेऱ्या. मिनीवाल्यांत १५ टक्के लहान पुलीची पद्धत आहे. १५ टक्के लहान म्हणजे १५ टक्के जास्त फेऱ्या असं वाटतं, पण गणित वेगळं आहे. एकला ०.८५ नं भागा, १.१८ येतात. म्हणजे १८ टक्के वाढ. एम४५ इंजिनाच्या साधारण दुप्पट वेगानं फिरतो. इंजिन ७,००० ला असेल तर तो १४,००० वर, आणि लहान पुलीनंतर साडेसोळा हजारांवर. याहून लहान पुल्याही मिळतात, पण मी त्या नादाला लागू नका म्हणेन. एका मर्यादेनंतर हवा कमी आणि उष्णता जास्त मिळते.

ही पुली शाफ्टवर दाबून बसवलेली असते, नुसते बोल्ट सोडून निघत नाही. तिच्यासाठी खास पुलर लागतो. काकांनी तो एका दुपारी बनवून दिला. उत्साहात म्हणाले, "पुलीबी मीच टर्न करतो की." हात जोडून नको म्हटलं. सहा खाचांचा पट्टा, त्या खाचांचा कोन, शाफ्टवरची घट्ट बैठक आणि साडेसोळा हजार फेऱ्यांना लागणारा बॅलन्स, यातलं एक जरी केसभर हुकलं तर जातं बेअरिंग. काका दोन दिवस बोलले नाहीत.

पुली विकतची बसवली, चूक माझ्याकडून दुसरीच झाली. पुली लहान झाली की पट्टाही थोडा आखूड लागतो. जुना पट्टा चांगला दिसत होता, टेन्शनरनं, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या चाकानं, ताण घेतला, म्हटलं चालतंय की. रविवारी गगनबावड्यावरून करूळ घाट उतरलो. उतरताना काही नाही. परत चढताना एसी चालू, दुसरा गिअर, आणि तिसऱ्या वळणावर बोनेटखालून मांजर चिरडल्यासारखा आवाज. जळक्या रबराचा वास. मग बॅटरीचा लाल दिवा. मग तापमानाचा काटा हलायला लागला. बाजूला घेऊन बोनेट उघडलं तर पट्ट्याची आतली बाजू आरशासारखी चकचकीत, आणि टेन्शनरभोवती काळी भुकटी.

पट्टा घसरला तर काटा का चढावा? कारण या गाडीत पाण्याचा पंप सुपरचार्जरच्या पाठीमागे, त्याच्याच गिअरवर फिरतो. पट्टा घसरला की हवा कमी, चार्जिंग कमी आणि पाणीही कमी. एसी बंद करून, फेऱ्या खाली ठेवून, गगनबावड्यापर्यंत आलो आणि तिथे चहावर तास काढला. नवा पट्टा आणि नवा टेन्शनर लागला. खर्च माझ्या खिशातून, आणि बरोबरच होतं ते.

हाच पंप देखभालीतला मोठा धडा देतो. सुपरचार्जरच्या दोन्ही टोकांना गिअर असतात. त्यांचं ऑइल वेगळं, बंदिस्त, इंजिनच्या ऑइलशी त्याचा काही संबंध नाही. ते बदलायची गरज नाही असं समजून बहुतेक गाड्या आयुष्यभर तशाच धावतात. मागच्या टोकाचं ऑइल आटलं की दाते झिजतात, पंप थांबतो आणि इंजिन तापतं. म्हणून लाखभर किलोमीटर झालेली अशी गाडी घेणार असाल तर सुपरचार्जर उतरवून दोन्हीकडचं ऑइल बदलाच. चहाच्या कपात मावेल एवढंच असतं. पण वास! आम्ही झाकण काढलं तेव्हा शेजारच्या शेडमधून विचारणा झाली, "सुकट कोण भाजतंय रे?"

टर्बोचं याच्या उलट. त्याला वेगळं ऑइल नाही, इंजिनाचंच ऑइल त्याच्या बेअरिंगमधून जातं. छोटा टर्बो दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो, तोही लालभडक धुराशेजारी. त्यामुळे ऑइलचा ग्रेड कंपनीनं सांगितलेलाच हवा आणि बदलण्यात चालढकल नको. घाट चढून आलात की शेवटचा किलोमीटर सावकाश चालवा, मगच इंजिन बंद करा. नाहीतर थांबलेलं ऑइल आतच जळून त्याचा कोळसा होतो. पोलो जीटी टीएसआयसारख्या थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल उडवणाऱ्या टर्बो गाड्यांत आणखी एक काम निघतं. आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, म्हणून तिथे काजळी चढते. ती काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबानं मारतात. आमच्या मिनीत पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधी उडतं, त्यामुळे ते धुतलेच जातात.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. साध्या गाडीला बाहेरून टर्बो किंवा सुपरचार्जर बसवायचा विचार असेल तर ती गाडी ट्रेलरवरून ट्रॅकवर नेण्यापुरतीच ठेवा.

ट्रॅक म्हणाल तर कोल्हापुरात मोहिते रेसिंगचा आहे, पण तो कार्टिंगचा. गाडी घेऊन जायचं तर कोइंबतूरचा कारी, सव्वादोन किलोमीटरच्या आतला आणि वळणावळणांचा, किंवा चेन्नईजवळचा ३.७ किलोमीटरचा. तिथे पट्टा आणि धूर या वादापेक्षा उष्णता मोठी ठरते. एम४५ सारखा रूट्स जातीचा (जोडीनं फिरणाऱ्या पात्यांचा) सुपरचार्जर हवा ढकलताना टर्बोपेक्षा जास्त तापवतो. त्यात मिनीचा इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा गार करणारी जाळी, इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला, बोनेटच्या भोकातून येईल तेवढाच वारा त्याला. दोन फेऱ्या मस्त जातात, तिसऱ्या-चौथ्याला गाडी मंदावते. मग एक फेरी हळू मारायची, पिटमध्ये बोनेट उघडं ठेवायचं. प्लग एक पायरी थंड जातीचे लावायचे. आणि पुलीवर पैसे घालायच्या आधी ब्रेकचं ऑइल आणि पॅड नवे घ्यायचे, कारण उकळलेल्या ब्रेक ऑइलनं पेडल जमिनीला टेकतं, मग इंजिन कशावरही फिरत असो.

परवा काका पुन्हा आले. सगळं ऐकून घेतलं, पुलीला बोट लावून पाहिलं आणि विचारलं, "मग आमच्या बुलेरोत काय हाय, पट्टा का धूर?"

"धूर, काका. डिझेलला टर्बोच."

"म्हंजे मी बरोबरच म्हणत होतो की," म्हणाले आणि लेथकडे परतले.