वस्तू थांबते तेव्हा: संवेग आणि ऊर्जेच्या हिशेबाची पार्श्वभूमी

धावती वस्तू थांबली की तिचा जोर कुठे जातो, या प्रश्नाची खरी अडचण 'जोर' या शब्दातच होती. १६४४ मध्ये एका तत्त्वज्ञाने विश्वातील 'गतीचे परिमाण', म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, कायम राहते असे मांडले, पण त्यात दिशा धरली नव्हती. १६६९ पर्यंत टकरींच्या अभ्यासाने ती उणीव भरून काढली; दिशेसह मोजलेले हेच परिमाण म्हणजे संवेग.

१६८६ मध्ये या मताच्या विरोधी पक्षाने जोराचे खरे माप वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग हे आहे, असा दावा केला. १७२२ मधील प्रयोगांत मऊ मातीवर सोडलेला गोळा दुप्पट वेगाने आल्यास चौपट रुतत असल्याचे दिसले. तरीही १७४३ मध्ये एका गणितज्ञाने हा सारा शब्दांचा वाद ठरवला. सारख्याच बलाने अडवल्यास दुप्पट वेगाच्या वस्तूला थांबायला दुप्पट वेळ आणि चौपट अंतर लागते; वेळ धरला तर संवेग हाती येतो, अंतर धरले तर ऊर्जा. एवढ्यावर वाद मिटला असे मानणे मात्र घाईचे आहे. मातीचे दोन सारखे गोळे सारख्या वेगाने समोरासमोर आदळून चिकटतात, तेव्हा संवेगाचा प्रश्नच उरत नाही, कारण दोघांची बेरीज आधीपासूनच शून्य असते. वर्गाचे माप मात्र शून्य नसते, आणि तेच नाहीसे झालेले दिसते. ते गोळ्यांच्या सूक्ष्म कणांत वाटले जाते, मोठे नाणे मोडून सुटे घ्यावे तसे, हे उत्तर १७१६ मध्येच दिले गेले होते. ते बरोबर होते; फक्त ते सुटे पैसे मोजायचे कसे, हे कोणाला ठाऊक नव्हते.

१७९८ मध्ये तोफेच्या नळीला भोक पाडताना घर्षणाने उष्णता अखंड निघत राहते, असे दाखवले गेले. १८०७ मध्ये 'ऊर्जा' हा शब्द या अर्थाने आला, १८२९ मध्ये गतिज ऊर्जेच्या, म्हणजे गतीमुळे असलेल्या ऊर्जेच्या, सूत्रात 'अर्धा' हा गुणक पक्का झाला (अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग), आणि १८४० च्या दशकात मोजणी जमली: एक कॅलरी उष्णता म्हणजे सुमारे ४.२ ज्यूल.

ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या १,००० किलोच्या गाडीची गतिज ऊर्जा २ लाख ज्यूल असते. ब्रेक लावल्यावर तिची जवळजवळ सगळी उष्णता होते. तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी सुमारे ४८ अंशांनी तापेल. संवेग पृथ्वीकडे जातो, पण तिचे वस्तुमान इतके प्रचंड आहे की ऊर्जेचा वाटा तिच्याकडे नगण्यच जातो. शिवाय गाडीने वेग घेताना पृथ्वीला तेवढाच उलटा संवेग मिळालेला असतो, म्हणून तो हिशेब थांबताना फिटतो. ब्रेकमधली उष्णता मात्र हवेत पसरून जाते.