सौ., श्रीमती, कु.: स्त्रियांच्या नावाआधीची उपपदे

मराठीत पुरुषाच्या नावाआधी 'श्री.' लावले की भागते. त्याचे लग्न झाले आहे का, बायको हयात आहे का, हे त्यातून कळत नाही आणि कोणी विचारतही नाही. स्त्रीच्या बाबतीत मात्र 'कु.', 'सौ.', 'श्रीमती' यांतून निवड करावी लागते, आणि ती बहुतेक वेळा तिच्या नवऱ्यावरून ठरते.

'कु.' म्हणजे कुमारी, 'सौ.' म्हणजे सौभाग्यवती, अर्थात नवरा हयात असलेली विवाहिता. लग्नपत्रिकेत वधू 'चि. सौ. कां.' (चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी) असते, वर नुसता 'चि.', त्याने कशाची आकांक्षा धरावी याबद्दल पत्रिका गप्प असते. जुन्या पत्रांत सुवासिनीला 'वज्रचुडेमंडित' आणि विधवेला 'गंगाजलनिर्मळ' लिहीत. 'गं. भा.' म्हणजे गंगाभागीरथी हे उपपदही विधवेचेच. शब्द पावित्र्याचा, पण खूण वैधव्याची. एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा' शब्दाऐवजी तो वापरण्याचा विचार मांडला, तेव्हा टीका झाली ती याच कारणाने. त्याच्या आदल्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसण्यासारख्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता.

खरा घोळ 'श्रीमती'चा. संस्कृत 'श्रीमत्'चे हे स्त्रीलिंगी रूप. त्याचा वैधव्याशी काही संबंध नाही, आणि हिंदीत तर ते विवाहितेलाच लावतात. मराठीत विवाहितेसाठी 'सौ.' हाताशी होते, म्हणून 'श्रीमती' उरलेल्यांच्या वाट्याला आले: विधवा, घटस्फोटिता, प्रौढ अविवाहिता. कार्यालयीन पत्रव्यवहारात आता सरसकट 'श्रीमती' लिहिण्याकडे कल आहे आणि वैवाहिक स्थिती ठाऊक नसेल तर तेच योग्य. तरी नवरा शेजारी बसलेला असताना सत्काराच्या पत्रिकेत 'श्रीमती' छापले गेले, तर काही घरांत अजून कपाळाला आठ्या पडतात. लग्नपत्रिकेचा मजकूर घेताना छापखान्यातला माणूस "आईंच्या नावाला सौ. लावायचं की श्रीमती?" असे विचारतो, तेव्हा त्याचा आवाज जरा खाली येतो. 'डॉ.', 'प्रा.', 'ॲड.' यांनी हा प्रश्न मिटायला हवा, पण 'डॉ. सौ.' अशी पाटी दिसते, 'डॉ. श्री.' सहसा दिसत नाही.

बोलताना उपपदांपेक्षा नातीच चालतात. अनोळखी स्त्रीला 'ताई' सर्वांत निर्धोक. 'वहिनी'त पुन्हा नवरा आलाच, आणि 'काकू' म्हणण्याआधी समोरच्या वयाचा अंदाज पक्का असावा. 'बाई' हा पूर्वी नावाला जोडलेला मान, जसे सावित्रीबाई, आनंदीबाई. मराठी शाळेत शिक्षिकेला आजही आदराने 'बाई' म्हणतात. रस्त्यात कोणाला "ओ बाई" अशी हाक मारली तर मात्र भांडण होऊ शकते.