अद्ययावत, पण कुठल्या यादीप्रमाणे?

दिवाळीची साफसफाई करताना माझा जुना लॅपटॉप हाती लागला. दीड-दोन वर्षं तो कपाटात साड्यांच्या पिशव्यांखाली पडून होता. चार्जर लावला, तर बॅटरी तेवढी मेलेली, बाकी ठणठणीत. त्यावर डेबियन ११ आहे, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा एक जुना, भरवशाचा अवतार. वायफाय अजून जोडलं नव्हतं. सवयीने टर्मिनल उघडून ‘एपीटी अपग्रेड’ अशी आज्ञा दिली. एपीटी म्हणजे डेबियनवर प्रोग्रॅम बसवणारं आणि ताजे ठेवणारं साधन. उत्तर आलं: अपग्रेड करायची पॅकेजेस ०.

वायफाय जोडलं, ‘एपीटी अपडेट’ केलं आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारला. आता आकडा दोनशेच्या वर गेला.

यातली गंमत अशी की पहिलं उत्तरही बरोबरच होतं. डेबियनमध्ये प्रत्येक गोष्ट पॅकेज म्हणून येते. ब्राउझर हे एक पॅकेज, लोहित देवनागरी हा फॉन्ट दुसरं, फाइल दाबून लहान करणारा कोड तिसरं. डेबियन ११ च्या भांडारात अशी ५९ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. त्यांतली कुठली आपल्याकडे बसवली आहेत आणि कुठल्या व्हर्जनची, याची नोंद लॅपटॉप एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतो. ही पहिली यादी. दुसरी यादी भांडाराची, सर्व्हरवरून उतरवून घेतलेली. ‘अपग्रेड’ या दोन याद्या शेजारी ठेवून फरक काढतं. ‘अपडेट’ फक्त दुसरी यादी ताजी करतं, एकही प्रोग्रॅम बदलत नाही. ही नावं ठेवणाऱ्याला नवशिक्यांचे शिव्याशाप आजतागायत लागत असणार. माझा लॅपटॉप मागच्या वर्षीचं कॅलेंडर बघून आज एकादशी आहे का ते सांगत होता. कॅलेंडर छापलं होतं बिनचूक, वर्ष तेवढं सरलं होतं.

ही दुसरी यादी वाटेत कुणी बदलली तर? त्यासाठी यादीवर डेबियनची डिजिटल सही असते आणि यादीत प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखा एक लांबलचक आकडा असतो. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा जुळत नाही. पण एक वाट तरीही उरते. मधल्या कुणीतरी सही केलेली, अस्सल, पण मागच्या महिन्यातली यादीच पुन्हा पुन्हा हातात दिली तर? सही खरी, ठसे खरे, फक्त नव्या दुरुस्त्यांचा पत्ता नाही. म्हणून डेबियनच्या सुरक्षा-यादीवर ‘अमुक तारखेपर्यंत ग्राह्य’ असंही लिहिलेलं असतं, दुधाच्या पिशवीवर असतं तसं. ती तारीख उलटली की एपीटी यादी नाकारतं.

आता तुलनेकडे. १.१० मोठं की १.९? शाळेतल्या दशांश अपूर्णांकांप्रमाणे १.९ मोठं. व्हर्जनच्या दुनियेत मात्र १.१० मोठं, कारण तो टिंब दशांशचिन्ह नाही, नुसता दुभाजक आहे. नवव्या कलमानंतर दहावं येतं, तसं. नागमोडी रेघेचं चिन्ह, टिल्ड, तर आणखी मजेशीर. ते ज्याच्या मागे लागतं त्याला खाली ओढतं. ‘२.०~आरसी१’ हे ‘२.०’ पेक्षा लहान ठरतं, कारण ती २.० ची रंगीत तालीम असते, प्रयोग नव्हे.

इथवर सगळं हिशेबाचं काम. पण ज्या आकड्यांची तुलना करायची तेच खरं सांगत नसतील तर?

७ एप्रिल २०१४ ला ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जाहीर झाला. ओपनएसएसएल या लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात अशा तयार कोडमध्ये, तो होता, जिच्या भरवशावर असंख्य वेबसाइटी आपली सुरक्षित जोडणी चालवतात. जोडणी जिवंत आहे ना हे बघायला एक संगणक दुसऱ्याला छोटा संदेश पाठवतो: ‘हा शब्द मला परत सांग, त्यात इतकी अक्षरं आहेत.’ शब्द चार अक्षरांचा पाठवायचा आणि अक्षरं ६४ हजार म्हणून सांगायची. समोरचा सर्व्हर मोजून बघत नव्हता. तो चार अक्षरं देऊन पुढचा आपल्या मेमरीतला मजकूर बिनदिक्कत वाचून दाखवत होता. त्यात कुणाचा पासवर्ड असेल, सर्व्हरची खाजगी किल्ली असेल, काहीही.

दोष १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या व्हर्जनांत होता आणि १.०.१जी मध्ये तो काढला. डेबियन ७ वापरणाऱ्यांनी लगबगीने अपग्रेड केलं, व्हर्जन विचारलं, तर उत्तर १.०.१ई! म्हणजे अपग्रेड झालंच नाही? झालं होतं. डेबियनची रीत अशी की एकदा स्थिर आवृत्ती बाहेर पडली की त्यातल्या प्रोग्रॅमचं व्हर्जन सहसा हलवायचं नाही. नव्या व्हर्जनबरोबर नवी वागणूक येते आणि कुणाचं तरी चालतं काम बंद पडतं. म्हणून नव्या कोडमधली फक्त दुरुस्ती उचलून जुन्यावर ठिगळ लावतात. दुरुस्त पॅकेजचं पूर्ण नाव होतं ‘१.०.१ई-२+डेब७यू५’. खरी बातमी त्या शेपटीत होती. आजही काही तपासणी-अहवाल नुसता पुढचा आकडा बघून ‘धोकादायक’ असा लाल शिक्का मारतात आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याचा अर्धा दिवस साहेबांना ही शेपटी समजावण्यात जातो.

बरं, शेपटीही बरोबर आहे असं धरू. तरी काम संपलं नाही. लिनक्समध्ये चालू प्रोग्रॅमने उघडलेली फाइल बदलली, तर जुनी लगेच नाहीशी होत नाही. डिस्कवर त्या नावाने नवी फाइल येते, पण आधीपासून चाललेला प्रोग्रॅम मेमरीत जुनीच धरून बसतो. दुकानात नवा दरफलक लागला, पण गल्ल्यावरच्या माणसाच्या डोक्यात कालचेच भाव, अशी गत. हार्टब्लीडच्या वेळी लायब्ररी बदलून निवांत झोपलेल्यांचे वेबसर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत गळतच होते. डेबियनवर ‘नीडरीस्टार्ट’ नावाचं पॅकेज अशी जुनी फाइल धरून बसलेली मंडळी हुडकून काढतं. माझ्या लॅपटॉपवर अपग्रेडनंतर ते चालवलं तेव्हा सहा-सात नावं निघाली आणि शिवाय कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तोही जुनाच चालू होता. त्याला रीबूटशिवाय इलाज नाही.

याच्या उलट टोकाची गोष्ट २०२४ ची. फाइली दाबणाऱ्या एक्सझेड या प्रकल्पात, दोनेक वर्षं विश्वास कमावलेल्या एका सहविकासकाच्या खात्यातून ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत चोरदरवाजा बसवला गेला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुसऱ्या संगणकात दुरून शिरायला, अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा प्रश्न पडला. तो खणत गेला आणि २९ मार्चला त्याने प्रकरण उघड केलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत जुनंच व्हर्जन होतं, त्यामुळे ती वाचली. अडकले ते सगळ्यात ताजी, अजून चाचणीतली डेबियन वापरणारे. कपाटात झोपलेल्या माझ्या लॅपटॉपवर ५.२.५ होतं.

आता त्या ताज्या लोकांना मागे आणायचं कसं? एपीटी आपणहून फक्त वर चढतं. ५.४.५ दिलं तर ५.६.१ वाला संगणक म्हणणार, माझं तर याहून नवं आहे. म्हणून डेबियनने पॅकेज काढलं त्याचं नाव ठेवलं ‘५.६.१+रिअली५.४.५-१’. आकडा वरचा, माल जुना आणि मध्ये ‘रिअली’ अशी इमानदार कबुली. व्हर्जन क्रमांकांच्या सगळ्या पसाऱ्यात मला हा सर्वांत आवडतो.

पायथॉन भाषेच्या पिपने किंवा जावास्क्रिप्टच्या एनपीएमने, म्हणजे त्या-त्या भाषेच्या स्वतंत्र साधनांनी, आणलेली पॅकेजेस एपीटीच्या यादीत नसतातच. त्यांना ‘पिप लिस्ट’ किंवा ‘एनपीएम आउटडेटेड’ असं वेगळं विचारावं लागतं. डेबियनवरूनच बनलेल्या उबुंटूमध्ये तर अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतात, त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या संगणकाला मिळालेलं पॅकेज तुमच्याकडे चार दिवस उशिरा येऊ शकतं. ते बिघाडाचं लक्षण नाही.

आणि फोन. सेटिंग्जमध्ये ‘तुमची सिस्टिम अद्ययावत आहे’ असं हिरव्या खुणेसह लिहिलेलं असतं. अँड्रॉइड असेल तर त्याच्याच आसपास सुरक्षा पॅचची तारीख शोधा. जुन्या फोनवर ती दोन-तीन वर्षांपूर्वीची निघते. कंपनीने त्या मॉडेलसाठी नवं काही काढणं थांबवलं, की शेवटचं निघालं तेच ‘नवीनतम’ ठरतं आणि हिरवी खूण कायमची हिरवी राहते.

माझ्या लॅपटॉपचंही तेच होणार आहे. डेबियन ११ ला दीर्घकालीन आधार मिळतो तो ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत. त्यानंतर त्याच्या यादीत भर पडायची थांबेल. १ सप्टेंबरला मी वायफाय जोडून, आधी ‘अपडेट’ आणि मग ‘अपग्रेड’, अगदी शिस्तीत विचारलं तरी उत्तर कपाटातून काढल्या दिवशीचंच येईल: ०.