बोंबलाचा वास आणि आठ हजार मीटरची खोली

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागच्या आठवड्यात एक व्हिडिओ फिरत होता. काळोखात समुद्रतळाशी एक फिकट मासा शेपूट वळवळवत पोहतोय आणि खाली मजकूर: ‘पाताळातले मासे वर येऊ लागले, मोठा भूकंप होणार.’ पेठ-सुरगाण्याकडे अधूनमधून हलके धक्के बसतात, त्यामुळे असल्या मजकुराने आपल्याकडे माणसं खरोखर धास्तावतात. म्हणून आधी तेवढं स्पष्ट सांगतो. या माशाचा भूकंपाशी काहीही संबंध नाही. जपानमध्ये खोल पाण्यातले मासे वर दिसल्याच्या आणि भूकंपांच्या नोंदी शास्त्रज्ञांनी ताडून पाहिल्या आहेत, मेळ बसलेला नाही. आणि हा मासा तर वर येऊन जगूच शकत नाही. तो तिथलाच आहे, आणि का, ते फार सुंदर आहे.

हे चित्रण 2022 मधलं, जपानच्या दक्षिणेकडच्या इझू-ओगासावारा गर्तेतलं. खोली 8336 मीटर. बागलाणातला साल्हेर 1567 मीटर उंच आहे. असे पाच साल्हेर एकावर एक रचले तरी वरच्याचा माथा 500 मीटर पाण्याखाली राहील.

मासा लिपॅरिडी कुळातला, इंग्रजीत स्नेलफिश. या कुळात 400 हून जास्त जाती आहेत. काही किनाऱ्यावरच्या डबक्यात राहतात, तर काही जगातल्या सर्वांत खोल गर्तांमध्ये. अंगावर खवले नाहीत, हाडं मऊ, कातडीखाली जेलीसारखा थर. ताजा बोंबील हातात धरल्यावर बोटांतून निसटतो ना, तसलं अंग. 2014 मध्ये मारियाना गर्तेतून असे मासे पकडले आणि 2017 मध्ये त्यांना स्यूडोलिपॅरिस स्वायरी हे नाव मिळालं.

एवढ्या दाबाखाली हा लिबलिबीत जीव चिरडत कसा नाही, असं मुलं हमखास विचारतात. दर 10 मीटरला साधारण एक वातावरण (म्हणजे समुद्रसपाटीला हवेचा असतो तेवढा) दाब वाढतो, म्हणजे तिथे 800 वातावरणांहून जास्त. अंगठ्याच्या नखावर आठ क्विंटल कांदा ठेवण्यासारखं. पण चिरडायला आत हवेची पोकळी लागते. या माशाला वाताशयच, म्हणजे तरंगायला लागणारी हवेची पिशवीच नाही. अंगातलं पाणी फारसं दबत नाही, आत-बाहेर दाब सारखाच. कवच लागतच नाही.

खरी अडचण याहून कितीतरी लहान जागी आहे, प्रथिनांत. प्रथिन म्हणजे विशिष्ट घडी घातलेला लांबच लांब धागा. घडी नीट असली तरच ते काम करतं. या घडीत बारीक बारीक पोकळ्या राहतात. दाब वाढला की भोवतालच्या पाण्याचे रेणू त्या पोकळ्यांत शिरतात, कारण तसं झालं की एकूण आकारमान किंचित घटतं, आणि दाबाखाली निसर्ग नेहमी कमी आकारमानाकडे झुकतो. अकरावीत ल शातेलिएचं तत्त्व शिकलो, ते हेच. पाणी आत शिरलं की घडी सैल होते आणि विकरं (शरीरातल्या रासायनिक क्रिया चालवणारी प्रथिनं) बंद पडतात. मासा चिरडून नाही, आतली यंत्रणा थांबून मरेल.

यावर माशाकडे उपाय आहे तो एका लहानशा रेणूचा: ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड, थोडक्यात टीएमएओ. हा रेणू पाण्याच्या रेणूंना आपल्याशी घट्ट बांधून ठेवतो. प्रथिनात घुसायला ते मोकळे राहत नाहीत आणि घडी टिकते.

हा रेणू तुम्हाला नाकाने माहीत आहे. घाट चढून नाशिकच्या बाजारात आलेले बोंबील, बांगडे बर्फात असले तरी जिवाणू आपलं काम करतच असतात. ते टीएमएओचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि तोच तो वशट वास. ट्रायमिथाइलअमाइन अल्कधर्मी असतं, म्हणून लिंबू किंवा चिंचेचा कोळ चोळला की त्याचा क्षार बनतो आणि वास उडायचा थांबतो. गंगापूर धरणातल्या रोहूला हा वास जवळपास नाही, कारण गोड्या पाण्यातल्या माशात टीएमएओ अगदी थोडं असतं.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. उथळ समुद्रातल्या माशाच्या स्नायूत टीएमएओ किलोला साधारण 40 मिलिमोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक) असतं. 7000 मीटरवरच्या स्नेलफिशमध्ये ते 386 भरलं. खोलीबरोबर ते जवळजवळ सरळ रेषेत वाढतं. पण त्याला एक हद्द आहे. हाडं असलेल्या माशांच्या अंगातलं पाणी समुद्राच्या एक तृतीयांशाइतकंच खारट असतं, त्यामुळे मीठ लावलेल्या कैरीसारखं त्यांचं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. कल्ले आणि मूत्रपिंडं त्याच हिशोबाने घडलेली आहेत. टीएमएओ साठत गेलं की आतलं द्रावण दाट होत जातं आणि एका खोलीवर समुद्राची बरोबरी करतं. त्याखाली पाणी उलट आत ओढलं जाईल. जीवशास्त्रज्ञ पॉल यान्सी आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ही रेषा पुढे वाढवून पाहिली. ती समुद्राच्या खारटपणाच्या पातळीला छेदत होती सुमारे 8200 मीटरवर. आठ वर्षांनी कॅमेऱ्याला मासा दिसला 8336 वर. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत दीडशे मीटरचाही फरक नाही!

23 जानेवारी 1960 रोजी जाक पिकार्ड आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’ या खोल पाण्यात उतरणाऱ्या यानातून मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे 10,900 मीटरवर उतरले. तिथे चपटा मासा दिसल्याचं पिकार्ड यांनी सांगितलं आणि ते अजूनही ठिकठिकाणी छापलं जातं. त्या खोलीवर प्रथिनं सांभाळायची तर माशाचं रक्त समुद्राहून दाट लागेल. नंतर तिथे उतरलेल्या कॅमेऱ्यांना समुद्रकाकड्या दिसल्या, झिंग्यासारखे अँफिपॉड दिसले, मासा एकही दिसला नाही.