पवनेचा फेरा: जेवढा चढ तेवढाच उतार, तरी दमणूक जास्त का?

मावळातील पवना जलाशयाला वळसा घालणारा रस्ता धावणाऱ्यांना का आवडतो, हे तिथे एकदा गेले की वेगळे सांगावे लागत नाही. दक्षिणेला तुंग आणि तिकोना, उत्तरेला लोहगड-विसापूरची जोडी आणि मध्ये पाण्याचा विस्तार, असे दृश्य बराच वेळ सोबत राहते. असा फेरा जिथून सुरू होतो तिथेच संपत असल्यामुळे वाटेत जेवढा चढ लागतो, तेवढाच उतारही मिळतो. तरीसुद्धा सपाट रस्त्यावर तेवढेच अंतर धावल्यापेक्षा येथे दमणूक अधिक होते. गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबात शिल्लक शून्य असली, तरी स्नायूंच्या हिशेबात ती तशी नसते.

येथे चढ-उतार मुळात का आहेत, हेही पाहण्यासारखे आहे. जलाशयाची कड ही निसर्गाने आखलेली समोच्च रेषा असते. ती सर्वत्र एकाच उंचीवर राहते, पण त्यासाठी डोंगराच्या प्रत्येक घळीत शिरते आणि प्रत्येक सोंडेला वळसा घालते. रस्ता बांधताना इतका फेरफटका परवडत नाही. म्हणून रस्ता सोंडेवर चढतो, पलीकडच्या ओढ्यात उतरतो आणि पुन्हा चढतो.

चढावर धावण्याची किंमत किती, हे इटलीतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्बर्टो मिनेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात बारकाईने मोजले आहे. डोंगरात धावणाऱ्या कसलेल्या धावपटूंना वेगवेगळ्या उताराच्या ट्रेडमिलवर धावायला लावून त्यांनी ऑक्सिजनचा वापर नोंदवला. सपाटीवर शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दर मीटरला साधारण साडेतीन जूल ऊर्जा लागते. त्यांच्या सूत्राप्रमाणे पाच टक्क्यांच्या चढावर, म्हणजे शंभर मीटरमागे पाच मीटर चढताना, हा खर्च सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो आणि तेवढ्याच उतारावर सुमारे २४ टक्क्यांनी कमी होतो. दोन्हींची सरासरी सपाटीपेक्षा जेमतेम तीन टक्के जास्त येते, तेव्हा सौम्य चढ-उतारांची फारशी चिंता नको. चढ दहा टक्क्यांवर गेला की मात्र वाढ सुमारे ६६ टक्के आणि बचत फक्त ४० टक्के, म्हणजे सरासरी तोटा १३ टक्क्यांच्या घरात जातो. उतार जितका तीव्र, तितकी उतरताना होणारी परतफेड अपुरी पडते.

चढ डोळ्यांना फसवतोही. डेनिस प्रॉफिट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत पाच अंशांचा चढ लोकांनी अंदाजे वीस अंशांचा सांगितला होता. उलट, दूरचा डोंगर आपला वेग कमी असल्याचा भास निर्माण करतो. तासाला दहा किलोमीटर वेगाने धावताना बाजूला तीन मीटरवर असलेला मैलाचा दगड दृष्टीसमोरून सेकंदाला पन्नासहून अधिक अंशांनी मागे सरकतो, तर बाजूलाच तीन किलोमीटरवर असलेला तिकोना त्याच्या हजाराव्या भागाने. चंद्रबिंबाच्या रुंदीएवढे सरकायला त्याला सुमारे दहा सेकंद लागतात. धावता धावता किल्ल्याकडे पाहत राहिले की रस्ता संपतच नाही असे वाटते, त्यामागे हे साधे गणित आहे.

वाऱ्याचा हिशेबही असाच एकतर्फी असतो. हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुम्ही ताशी दहा किलोमीटरने धावत आहात आणि तेवढ्याच वेगाचा वारा समोरून आला, तर विरोध चौपट होतो. तोच वारा पाठीमागून आला, तर विरोध शून्य होतो. म्हणजे तोटा तिप्पट आणि फायदा एकपट. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत शरीरक्रियाशास्त्रज्ञ म्हणून गेलेले ग्रिफिथ प्यू यांनी पुढे हवेच्या झोतासमोर ट्रेडमिलवर धावपटूंची तपासणी केली, तेव्हा पुढच्या धावपटूच्या आडोशाने, साधारण एक मीटर मागे धावणाऱ्याचा ऑक्सिजनचा खर्च स्पष्टपणे कमी झालेला त्यांना आढळला. हौशी वेगाला हा लाभ थोडाच असतो, पण मोकळ्या पाण्यावरून वारा अंगावर येत असेल तेव्हा गटाने धावणे शहाणपणाचे.

जलाशयाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर असल्याने हवेचा दाब किनाऱ्यावरच्या दाबाच्या ९३ टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्याचा धावण्यावर नगण्य परिणाम होतो. दमटपणाचा परिणाम अधिक. साठ किलोग्रॅम वजनाची व्यक्ती सपाटीवर दहा किलोमीटर धावली, तर सुमारे दोन हजार किलोजूल ऊर्जा खर्च होते आणि तिचा बहुतांश भाग उष्णता बनतो. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर साधारण २,४०० किलोजूल उष्णता नेतो. मात्र पावसाळी हवेत तो वाळण्याऐवजी ओघळून जातो आणि शरीरातील पाणी गेले तरी अंग थंड होत नाही.

आता उतारावरील स्नायूंचे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो, तर उतरताना तो ताणला जात असतानाच शरीराला आवर घालतो. या ताणलेल्या अवस्थेतील कामाला ऑक्सिजन कमी लागतो, म्हणून उतार सोपा वाटतो. परंतु स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते ती प्रामुख्याने याच कामात. तिचे दुखणे त्या दिवशी जाणवत नाही, ते एक-दोन दिवसांनी जिना उतरताना कळते. सुदैवाने एकदा असा ताण सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तशाच ताणाला कमी बळी पडतो. म्हणून ज्यांचा सराव शहरातील सपाट मैदानावर झाला आहे, त्यांनी पवनेच्या फेऱ्याआधी दोन आठवडे एखाद्या टेकडीचा मध्यम उतार हळू वेगाने धावून घ्यावा. तो चढण्याचा सराव कमी पडला तरी एकवेळ चालेल.