पापणीची घडी: टाका की छेद?

कोरिया, जपान, चीन आणि तैवानमध्ये पापणीवर घडी पाडून घेण्याची शस्त्रक्रिया फार मोठ्या प्रमाणावर होते. पूर्व आशियातल्या साधारण निम्म्या लोकांच्या वरच्या पापणीला घडी नसते, किंवा असली तरी ती पापणीच्या केसांच्या इतकी लगत असते की डोळा उघडल्यावर दिसत नाही. घडी करून घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो पद्धतीचा: टाक्याची की छेदाची? बरेच जण तो व्रणाच्या भीतीवरून किंवा दुसऱ्या कुणाच्या छायाचित्रावरून सोडवतात. पण याचं उत्तर त्या माणसाच्या पापणीत असतं. कातडी किती जाड आहे, किती सैल आहे, खाली चरबी किती आहे आणि पापणी उचलणारा स्नायू किती जोमदार आहे, या चार गोष्टी पाहिल्याशिवाय पद्धत ठरवणं म्हणजे माप न घेता कपडा कापणं.

आधी घडी पडते कशी ते पाहू. वरची पापणी उचलणारा मुख्य स्नायू म्हणजे लेव्हेटर. तो डोळ्याच्या खोबणीच्या अगदी मागच्या टोकापासून पुढे येतो आणि पापणीत उतरताना पातळ, पांढऱ्या, चकचकीत पदरासारखा पसरतो. या पदराला ॲपोन्यूरोसिस म्हणतात. पापणीच्या आत जी ताठ पट्टी असते, टार्सल प्लेट, तिला तो धरतो. घडी असलेल्या पापणीत या पदराचे बारीक तंतू पुढे कातडीपर्यंत पोचलेले असतात. स्नायू आखडला की पट्टीबरोबर तेवढी कातडीही आत ओढली जाते, तिच्या वरची सैल कातडी तिच्यावर येऊन बसते आणि घडी दिसते.

घडी नसलेल्या पापणीत हा दुवा नसतो किंवा अगदी क्षीण असतो. शिवाय खोबणीतली चरबी अडवून धरणारा पडदा, ऑर्बिटल सेप्टम, ॲपोन्यूरोसिसला बराच खाली येऊन मिळतो. त्यामुळे चरबी खाली उतरते आणि कातडी व पदर यांच्यामध्ये गादीसारखी बसते. पट्टीची उंचीही इथे कमी असते: पूर्व आशियाई पापणीत साधारण 6.5 ते 8.5 मिलिमीटर, युरोपीय वंशाच्या लोकांत 9 ते 11 मिलिमीटर. युरोपीय चेहऱ्यावरची उंच घडी जशीच्या तशी इथे आणायला गेलं की बिघडतं, त्याचं एक कारण हेच.

म्हणजे कोणत्याही पद्धतीचं काम एकच: कातडी आणि तिला उचलणारी यंत्रणा यांच्यात दुवा निर्माण करायचा. टाक्याच्या पद्धतीत हा दुवा मुख्यतः दोरा सांभाळतो. छेदाच्या पद्धतीत तो जखम भरताना तयार होणारी व्रणाची ऊती सांभाळते. घडी किती टिकेल, सूज किती येईल, मागे फिरता येईल का, हे सगळं या एका फरकातून निघतं.

टाक्याची पद्धत जुनी आहे. 1896 साली जपानमध्ये मिकामो या डॉक्टरांनी तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांच्या रुग्ण स्त्रीच्या एका डोळ्याला घडी होती आणि दुसऱ्याला नव्हती. त्यांनी रेशमी टाके घालून काही दिवसांनी काढून टाकले. आजच्या पद्धतीत दोरा काढत नाहीत, आतच पुरतात. जपानीत म्हणूनच तिला ‘माइबोत्सु’, म्हणजे पुरलेली, असं नाव आहे. स्थानिक भूल देऊन घडीच्या रेषेवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं पाडतात. केसाहूनही बारीक नायलॉनचा दोरा, बहुधा 7-0 जाडीचा, तिथून आत नेऊन टार्सल प्लेटमध्ये किंवा तिच्या वरच्या लेव्हेटरच्या पदरात अडकवतात, परत आणतात आणि गाठ कातडीखालच्या स्नायूत लपवतात. सगळं साधारण अर्ध्या तासात होतं. मोठी सूज आठवडाभरात ओसरते.

हा दुवा सुटतो कसा, हे समजलं की ही पद्धत कुणासाठी आहे तेही समजतं. दोरा दोन-तीन बिंदूंवर कातडी धरून असतो. चीजच्या तुकड्यावर तार दाबून ठेवावी आणि ती हळूहळू आत रुतावी, तसा ताणलेला दोरा मऊ ऊतीतून कापत जातो. कातडी जाड, चरबी भरपूर, त्यात डोळे चोळायची सवय, अशा पापणीत घडी उथळ होत जाते आणि कधी पार विरून जाते. पातळ कातडीच्या, कमी चरबीच्या, तरुण पापणीत मात्र हीच पद्धत अनेक वर्षं उत्तम टिकते. तिथे छेद घेण्याचं काही कारण नाही.

दोरा काढला की सगळं पूर्ववत होतं, हे पुष्कळदा ऐकायला मिळतं. पहिल्या काही आठवड्यांत ते बऱ्याच अंशी खरं आहे. नंतर दोऱ्याभोवती ऊती चिकटते, पारदर्शक दोरा शोधणं कठीण जातं, आणि तो सापडून काढला तरी घडीचा मागमूस उरू शकतो. या पद्धतीची दुसरी खोड म्हणजे दोरा आतल्या बाजूने उघडा पडणं. प्रत्येक उघडझापीबरोबर डोळ्यात एकाच जागी काहीतरी खुपतं, पाणी येतं, लाली येते. ही साधी कोरडेपणाची कुरकुर समजून थेंब घालत बसू नये. दोरा कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, घासत असतो आणि ओरखडा पडून जंतुसंसर्ग होऊ शकतो. नेत्रतज्ज्ञ पापणी उलटून पाहतात तेव्हा टोक दिसतं आणि ते काढलं की त्रास थांबतो.

पूर्ण छेदात घडीच्या रेषेवर जवळजवळ पापणीभर कापतात. कातडीखाली डोळा मिटणारा गोल स्नायू लागतो, त्याची एक अरुंद पट्टी काढतात. मग सेप्टम उघडतात आणि लोण्यासारखी पिवळी चरबी बाहेर डोकावते. ही खूण महत्त्वाची आहे, कारण या चरबीच्या लगेच मागे लेव्हेटरचा पांढरा पदर असतो. रुग्ण जागाच असतो. त्याला वर-खाली पाहायला सांगतात आणि पदर हलताना डोळ्यांनी दिसतो. त्यानंतर जास्तीची चरबी जपून काढून, कातडीची खालची कड चार ते सहा टाक्यांनी त्या पदराला किंवा टार्सल प्लेटला बांधतात. प्रत्येक टाक्यानंतर डोळा उघडायला लावून घडीची वळणं तपासतात. पण भुलीच्या द्रावामुळे पापणी फुगते आणि लेव्हेटरही थोडा सुस्तावतो, म्हणून भूल शक्य तितकी कमी वापरणं हा या शस्त्रक्रियेतला मोठा शहाणपणा आहे.

छेदात चरबीचा लोभ सर्वांत महागात पडतो. जास्त काढली की भुवईखाली खळगा पडतो, डोळे वयस्क दिसतात, आणि मधली गादी गेल्यामुळे कातडी भलत्याच ठिकाणी चिकटून दुसरी-तिसरी घडी उमटते. कातडीचंही तसंच. पापणीच्या केसांच्या रेषेपासून भुवईपर्यंत साधारण 20 मिलिमीटर कातडी शिल्लक राहायला हवी, नाहीतर झोपेत डोळा पूर्ण मिटत नाही आणि कॉर्निया सुकतो. काढलेली कातडी परत आणणं फार अवघड, राहिलेली नंतर काढणं सोपं.

या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे अर्धछेद: मध्यावर एखाद सेंटिमीटरचा एक किंवा दोन-तीन मिलिमीटरचे तीन छेद. त्यातून चरबी काढता येते, दुवा टाक्यापेक्षा पक्का होतो. सैल कातडी मात्र काढता येत नाही. म्हणून चरबी आहे पण कातडी ताठ आहे अशा पापणीलाच तो शोभतो.

आता मापाकडे येऊ, कारण निराशेचं मूळ पुष्कळदा इथे असतं. घडीची उंची मिटलेल्या डोळ्यावर, कातडी हलकेच ताणून, केसांच्या रेषेपासून कॅलिपरने मोजतात. समजा ती 7 मिलिमीटर ठरली. डोळा उघडल्यावर 7 मिलिमीटर दिसत नाहीत, वरची कातडी दुमडून खाली येते आणि दिसतात जेमतेम 2 ते 3. कातडी जाड किंवा सैल असेल तर त्याहूनही कमी. ‘जरा रुंद दिसू दे’ म्हणून रेषा 10 मिलिमीटरच्या वर नेली की दुवा टार्सल प्लेटच्या वर जातो. घडी आणि केस यांच्यामधला भाग सॉसेजसारखा फुगीर राहतो, डोळा उघडायला जड वाटतो आणि मिटल्यावर खोल चर दिसतो. सैल कातडीच्या पापणीत रुंद घडी हवी असेल तर रेषा चढवण्यापेक्षा कातडीची पट्टी काढणं बरं, आणि ते फक्त छेदातच होतं.

तपासणी बसवून, कपाळ सैल सोडून करावी. वाकवलेल्या तारेने पापणीवर वेगवेगळ्या उंचीवर घडी पाडून आरशात दाखवतात. त्याच वेळी भुवया वर चढलेल्या आहेत का हे पाहायलाच हवं. भुवया सतत वर असणं हे बऱ्याचदा लेव्हेटर दुबळा असल्याचं लक्षण असतं: पापणी उचलली जात नाही म्हणून कपाळाचा स्नायू मदतीला येतो. सरळ पाहताना बाहुलीच्या मध्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत साधारण 4 मिलिमीटर अंतर असतं. ते 2 मिलिमीटरपर्यंत कमी झालं असेल तर पापणी पडलेली आहे. मग भुवई अंगठ्याने घट्ट धरून ठेवतात, खाली आणि मग वर पाहायला सांगतात, आणि कड किती सरकते ते मोजपट्टीने मोजतात. 12 मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे स्नायू चांगला, 4 किंवा कमी म्हणजे फारच अशक्त. पापणी पडलेल्या डोळ्यावर नुसती घडी केली तर ती रुंद आणि डोळा झोपाळू दिसतो. लेव्हेटर आखूड करण्याचं काम सोबत करावं लागतं, आणि ते करण्याचा भरवशाचा मार्ग बहुतेकदा पूर्ण छेदाचा. एक पापणी जास्त पडलेली असेल तर तिला उचलल्यावर दुसरी थोडी खाली येऊ शकते, कारण मेंदू दोन्ही लेव्हेटरना सारखाच हुकूम धाडतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी पडलेली पापणी बोटाने उचलून दुसरीकडे पाहतात.

नाकाजवळच्या कोपऱ्यावरची कातडीची झालर, एपिकॅन्थस, हीही पाहावी लागते. ती ठळक असेल तर घडी आतल्या कोपऱ्यात झालरीखाली शिरते आणि बाहेर रुंदावत जाते. हा आकार त्या डोळ्याला साजतो. आतल्या टोकापासून समांतर घडी हवी असेल तर रेषा फार वर न्यावी लागते किंवा झालर वेगळ्या छेदाने मोकळी करावी लागते. तो व्रण नाकाजवळच्या जाड कातडीवर येतो आणि पापणीवरच्या व्रणापेक्षा जास्त दिसतो.

पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ असल्याने छेदाचा व्रण सहसा उत्तम भरतो आणि केलॉइड, म्हणजे जाड उंचवट्याचा व्रण, क्वचितच होतो. टाके 5 ते 7 दिवसांत निघतात, पहिले 48 तास थंड शेक आणि उशी उंच. मोठी सूज दोन-तीन आठवड्यांत जाते, पण घडी बसायला 3 ते 6 महिने आणि लाली पुसायला कधी वर्षही लागतं. पहिल्या महिन्यात दोन डोळ्यांत मिलिमीटरभर फरक दिसणं हे बहुधा सुजेचं काम असतं. घडी चिकटवायची पट्टी किंवा गोंद वर्षानुवर्षं वापरलेल्यांची कातडी सैल आणि सुजट झालेली असते. तो वापर काही आठवडे थांबवून मगच माप घ्यावं.

एका गोष्टीला उशीर चालत नाही: शस्त्रक्रियेनंतर एका डोळ्यात एकाएकी तीव्र वेदना, डोळा पुढे आल्यासारखा ताठ, नजर अंधुक. खोबणीत रक्तस्राव होऊन दृष्टीच्या मज्जातंतूवर दाब येत असतो. हे विरळा घडतं, पण दृष्टी वाचवण्यासाठी हाताशी असतात ते मोजके तास, कधी तेही नाहीत. सकाळची वाट न पाहता तडक आपत्कालीन विभाग गाठावा.

घडी मनासारखी झाली नाही तर दुरुस्तीला किमान 6 महिने थांबतात, ऊती मऊ होईपर्यंत. खालची घडी वर नेणं तुलनेने सोपं असतं. वरची खाली आणायची तर जुना चिकटलेला व्रण सोडवावा लागतो, तो पुन्हा चिकटू नये म्हणून मध्ये चरबी भरावी लागते, आणि त्यासाठी कातडी शिल्लक असावी लागते. पहिल्या वेळी एखादा मिलिमीटर कमी ठेवायचा सल्ला अनुभवी शल्यविशारद देतात तो याचसाठी.